हेन्लीचा माळी आणि त्याचा मारवा

जॉर्ज हॅरिसनचा विषय निघाला की गप्पा ठरावीक गोष्टींपाशीच थांबतात. बीटल्समधला तो अबोल गिटारवाला, रविशंकरांचा गोरा शागीर्द, आणि १९७० मधला तीन तबकड्यांचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास'. जरा जास्त ऐकणारा असेल तर १९८७ च्या 'क्लाउड नाइन'पर्यंत येतो. त्याच्या शेवटच्या 'ब्रेनवॉश्ड'पर्यंत सहसा कुणी येत नाही. गेली कित्येक वर्षं मी हा अल्बम लोकांच्या गळ्यात मारतोय आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "तो गेल्यावर आलेला ना?"

हो, तोच. आणि सगळा घोटाळा तिथेच झालाय.

हॅरिसन २९ नोव्हेंबर २००१ ला लॉस एंजेलिसमध्ये गेला, अठ्ठावन्नाव्या वर्षी. 'ब्रेनवॉश्ड' बाजारात आला १८ नोव्हेंबर २००२ ला, म्हणजे वर्षश्राद्धाच्या अकरा दिवस आधी. ब्रिटनमध्ये तो २९ व्या क्रमांकापर्यंत चढला, अमेरिकेत १८ व्या. बरोबर वर्षाच्या दिवशी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्मृतिसंध्या झाली. रविशंकरांनी तिच्यासाठी 'अर्पण' ही रचना केली होती, त्यांची मुलगी अनुष्का हिने तिचं संचालन केलं. गिटारवाला मित्र क्लॅप्टन, बीटल्समधले जुने सोबती मॅकार्टनी आणि रिंगो, गायक टॉम पेटी सगळे हजर. जगाचं लक्ष त्या मैफलीकडे गेलं ते गेलंच. अल्बमची परीक्षणं आली, चांगली आली, पण तेराव्याला जेवायला गेलेला माणूस आमटीत मीठ कमी आहे असं म्हणत नाही, त्या चालीची. कौतुक झालं आणि विषय मिटला. प्रत्येकाने त्यात मृत्यूच ऐकला, कारण मृत्यू ऐकायचा हे ठरवूनच सगळे बसले होते.

माझं म्हणणं असं की हा मरणाऱ्या माणसाचा अल्बम आहे असं समजून ऐकलं तर त्यातली निम्मी मजा जाते. यातली बरीचशी गाणी मरणाच्या दारात लिहिलेली नाहीतच. पहिलं गाणं 'एनी रोड' १९८८ मधलं आहे. 'रन सो फार' त्याने एरिक क्लॅप्टनला देऊन टाकलं होतं, ते क्लॅप्टनच्या १९८९ च्या अल्बमवर आहे. 'रॉकिंग चेअर इन हवाई'चं मूळ तर थेट १९७० पर्यंत जातं. तेव्हाच्या ध्वनिमुद्रणांत त्याचा कच्चा खर्डा सापडतो. तीस वर्षं एक चाल फळीवर ठेवून देणारा माणूस घाईत होता असं कोण म्हणेल?

'क्लाउड नाइन' गाजला, त्यानंतर ट्रॅव्हलिंग विल्बरीज हा नामवंत मित्रांबरोबरचा बँड झाला, डिसेंबर १९९१ मध्ये क्लॅप्टनच्या वाद्यवृंदाबरोबर जपानचा दौरा झाला, आणि मग स्वतःच्या नावाचा नवा अल्बम येईचना. मध्ये काही घडत नव्हतं असं नाही. पैशांच्या व्यवहारावरून जुन्या व्यवस्थापकाशी कोर्टकज्जा झाला. बीटल्सच्या 'अँथॉलॉजी'चं काम होतं. रविशंकरांच्या 'चँट्स ऑफ इंडिया'ची निर्मिती त्याने केली, तो अल्बम १९९७ मध्ये आला. त्याच वर्षी घशाचा कॅन्सर निघाला. ३० डिसेंबर १९९९ च्या पहाटे एक मनोरुग्ण चाकू घेऊन घरात शिरला, त्याने जॉर्जला भोसकलं, फुफ्फुसाला इजा झाली. बायकोने, ऑलिव्हियाने, शेगडीची सळई आणि दिवा घेऊन त्या माणसाला झोडपलं म्हणून जीव वाचला. यावर हॅरिसनचं निवेदन काय, तर हा इसम चोर नव्हता हे नक्की, आणि ट्रॅव्हलिंग विल्बरीजमध्ये भरती व्हायला आला होता असंही दिसत नाही.

तर हा माणूस. अल्बम मात्र तो करत होता, आपल्या गतीने. एक गाणं या हिवाळ्यात, एक पुढच्या कधीतरी. उरलेला वेळ बागेत.

ही बाग समजून घेतली पाहिजे. लंडनच्या पश्चिमेला, थेम्सकाठच्या हेन्ली गावात त्याने १९७० मध्ये फ्रायर पार्क नावाचा अवाढव्य, पडका झालेला वाडा विकत घेतला. फ्रँक क्रिस्प नावाच्या व्हिक्टोरियन काळातल्या एका हौशी वकिलाने बांधलेला. त्या वकिलाने बागेत मॅटरहॉर्न पर्वताची प्रतिकृती उभारली होती, जमिनीखाली गुहा खोदल्या होत्या, बुटक्यांचे पुतळे बसवले होते. हॅरिसनने पुढची तीस वर्षं ती बाग सावरली, पदरमोड करून आणि हातात फावडं घेऊन. १९८० मधलं आत्मचरित्र त्याने जगातल्या तमाम माळ्यांना अर्पण केलंय. मुलगा धनी याने नंतर सांगितलंय की बाबा रात्री बारापर्यंत बागेत असायचे, कारण चांदण्यात डोळे किलकिले केले की तण दिसत नाही, नुसती बाग दिसते. (धनी हे नाव आपल्या सा रे ग म मधल्या ध आणि नी वरून ठेवलेलं. १९७८ चा जन्म.)

माळीकाम केलेल्या माणसाला घाई कळत नाही असं मला वाटतं, आणि या अल्बमचा स्वभाव त्यातून आलाय. 'एनी रोड' लावलं की पहिल्यांदा त्याचा बोलताना आवाज येतो. तो ध्वनिमुद्रकाकडे गिटार भरपूर मागतोय. मग एक बारीक, कडकडीत, जरा गावठी वाद्य वाजायला लागतं. ते बँजुलेली, म्हणजे बँजोच्या चामड्याच्या घुमटावर युकुलेलीच्या, म्हणजे छोट्या गिटारीसारख्या वाद्याच्या, चार तारा. इंग्लंडच्या उत्तर भागात जॉर्ज फॉर्मबी नावाचा विनोदी गायक हे वाद्य घेऊन विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रचंड लोकप्रिय झाला होता. लिव्हरपूलच्या बसचालकाचा मुलगा हॅरिसन त्याचा भक्त. १९९१ मध्ये तो फॉर्मबीप्रेमींच्या मेळाव्याला ब्लॅकपूलला गेला होता, सामान्य सभासदासारखा. मित्रांच्या घरी जाताना तो युकुलेल्या घेऊन जायचा आणि तिथेच ठेवून यायचा. आता एवढी पाश्चात्त्य गिटार, एवढी सतार हाताखालून गेलेला माणूस शेवटी या चार तारांच्या खेळण्यावर येतो, यात मला त्याची सगळी तबियत दिसते. गाण्याचा आशयही तसाच: कुठं जायचंय हेच माहीत नसेल तर कुठलाही रस्ता धरा, पोचाल. मुळात लुईस कॅरलच्या 'ॲलिस'च्या गोष्टीतल्या मांजराची ही थट्टा. हॅरिसन तिला वेदान्तात नेतो, पण चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देता.

'पायसीज फिश' हे या अल्बममधलं माझं खास लाडकं, आणि इथं त्याची ती बाग, ते गाव, ती नदी सगळं आहे. नदीत वल्ही मारणारी पोरं, काठ घाण करून ठेवणारी कॅनडाची बदकं, कुत्र्यांना फिरवणाऱ्या म्हाताऱ्या, सायकलची चेन अडकलेला तो स्वतः. गावातल्या बिअरच्या कारखान्यातून धूर निघतो तर याला वाटतं आत कुणाला नवा पोप सापडला की काय. मीन राशीच्या दोन माशांसारखा आपण दोन दिशांना ओढला जातो ही तक्रार मधे मधे येते, पण गाणं तिच्यावर थांबत नाही, पुन्हा नदीकडे बघतं. हॅरिसनला उपदेशाची खोड होती, सत्तरच्या दशकातले त्याचे काही अल्बम त्यापायी ऐकवत नाहीत. इथे तोच माणूस अध्यात्म सायकलीवरून सांगतो आणि पटकन पटतं.

आता मारवा.

सहाव्या क्रमांकावर, अल्बमच्या बरोबर मध्यावर, शब्द नसलेली एक रचना आहे, 'मारवा ब्लूज'. पावणेचार मिनिटांची. अकूस्टिक गिटारचा मंद ताल, मागे तंतुवाद्यांचा पडदा, आणि वर हॅरिसनची स्लाइड गिटार. या तुकड्याला २००४ मध्ये ग्रॅमी मिळालं, तरी तो ऐकलेली माणसं मला बोटांवर मोजण्याइतकी भेटलीत.

महाराष्ट्रातल्या कानाला यात पहिली अडचण नावाचीच येते. आपल्याकडे मारवा म्हटलं की वसंतराव देशपांडे. लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे महिनोन्महिने मारवाच एक मारवा शिकलेले वसंतराव. नाहीतर अमीर खाँसाहेबांची ती मारव्याची तबकडी. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम अजिबात नाही, आणि षड्ज असूनही नसल्यासारखा. रिषभ-धैवतावर अंग टाकून राग असा रेंगाळतो की घर दिसतंय पण आत पाऊल पडत नाही. दिवस मावळतानाची ती हुरहूर. या अपेक्षेने 'मारवा ब्लूज' लावला तर फसगत ठरलेली.

माझ्या मावशीने वीसेक वर्षं गाणं शिकलंय. तिला मुद्दाम नाव सांगून ऐकवलं. अर्ध्या मिनिटात तिने मान वर केली. "मारवा? अरे हा कुठला मारवा, पंचम घेतोय की उघड उघड!" तिचं खरं आहे. गिटारवर साधी मेजर कॉर्ड धरली की पंचम त्यात आलाच, तो वगळून पाश्चात्त्य घाटाची साथ उभी करणं अवघड. हा राग नाही, त्याचं व्याकरणही नाही. पण मावशी उठून गेली नाही. तुकडा संपल्यावर म्हणाली, "हात मात्र चांगला आहे हं. पुन्हा लाव." दुसऱ्यांदा ती डोळे मिटून ऐकत होती आणि तिचं बोट खुर्चीच्या हातावर स्वरांमागे सरकत होतं.

ते सरकणंच ऐकायचं. स्लाइड म्हणजे बोटात काचेची किंवा धातूची नळी घालायची आणि ती तारेवरून फिरवायची. तार पडद्याला टेकतच नाही, त्यामुळे दोन स्वरांमधली सगळी जागा मोकळी होते. सतारीवर मींड, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणं, काढायला तार आडवी खेचावी लागते, इथे नळी लांबीच्या दिशेने सरकते. क्रिया वेगळी, पण कानाला हवं असतं ते एकच. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतातल्या गिटारवाल्यांनी या नळीचा वापर किंचाळायला, विव्हळायला, आगगाडीची शिट्टी काढायला केला. हॅरिसनने तसं जवळजवळ कधीच केलं नाही. तो एका स्वरावरून निघतो, पुढच्या स्वराच्या किंचित खाली थबकतो, तिथं जरा बसतो आणि मग अलगद वर येतो. नळी एक केसभर इकडेतिकडे झाली की सूर गेला. याचा जात नाही. 'मारवा ब्लूज'मध्ये हा थबकण्याचा खेळ जितका मोकळा आहे तितका त्याच्या दुसऱ्या कुठल्याच मुद्रणात मी ऐकलेला नाही. घरी पोचायचं टाळणं एवढाच मारवा त्याने घेतलाय, आणि माझ्या मते नाव लावायला तेवढं पुरे आहे. मावशीला अजून पटलेलं नाही.

हा हात कुठून आला? १९६६ च्या सप्टेंबरात तो मुंबईला आला, ताजमध्ये खोट्या नावाने उतरला आणि रविशंकरांकडे सतार शिकू लागला. चाहत्यांना पत्ता लागला आणि मग मुंबई सोडून गुरु-शिष्यांना काश्मीर गाठावं लागलं. जानेवारी १९६८ मध्ये तो परत आला, एका चित्रपटाच्या संगीतासाठी एचएमव्हीच्या मुंबईच्या स्टुडिओत. शिवकुमार शर्मा, आशिष खाँ, शंभू दास असे वादक त्यात होते. पण त्याच वर्षी त्याने सतार जवळजवळ सोडली. आपण कधीच बैठकीत बसण्याइतके चांगले सतारिये होणार नाही, हे त्याला स्वच्छ कळलं होतं. तो गिटारकडे परत गेला, १९६९ च्या अखेरीला डिलेनी अँड बॉनी या अमेरिकी गायक जोडीबरोबर दौऱ्यावर असताना बोटात नळी घातली, आणि सतारीवर जे जमलं नाही ते तिथं उतरलं. त्याच्या भारतप्रेमाबद्दल बोलताना लोक सतारीची गाणी वाजवून दाखवतात. मला ती आज जरा पोरकट वाटतात. शिकवणी मुरली ती स्लाइडमध्ये, आणि मुरायला तीस वर्षं लागली.

'मारवा ब्लूज' संपल्यावर लगेच 'स्टक इनसाइड अ क्लाउड' येतं. झोप नाही, भूक नाही, सिगारेटी मात्र वाढलेल्या अशा माणसाचं गाणं. घशाच्या कॅन्सरचा इतिहास माहीत असल्याने सिगारेटीची ओळ टोचते, आणि इथे मात्र मरण ऐकणाऱ्यांना दोष देता येत नाही. तरी त्याचा आवाज बघा, कुठेही कण्हत नाही. दुखणं सांगतोय तेही शेजाऱ्याला पावसाचं सांगावं तसं.

दोन तक्रारीही सांगून टाकतो. पहिली निर्मितीची. काम अर्धवट होतं, ते धनी आणि संगीतनिर्माता जेफ लिन या दोघांनी पुरं केलं. बापाने जाण्यापूर्वी कुठे काय हवं याच्या सूचना मुलाकडे देऊन ठेवल्या होत्या. जॉर्जला हा अल्बम फार गुळगुळीत नको होता. लिन हा मोठा कारागीर, पण ढोलाचा तोच कोरडा ठोका आणि एकावर एक रचलेल्या गिटारी हा त्याचा शिक्का कुठल्याही कामावर बसतोच. इथे त्याने बराच आवर घातलाय, तरी 'रायझिंग सन'मध्ये वाटतं की जरा धूळ राहू द्यायला हवी होती. गाणं अप्रतिम आहे, पेशींतल्या डीएनएत अख्खं विश्व खेळतंय म्हणणारं. 'व्हॅटिकन ब्लूज'बद्दल फारसं बोलत नाही. कॅथलिक घरात वाढलेल्या पोराने पोपची काढलेली खोडी, एकदा ऐकून सोडून द्यावी.

दुसरी तक्रार शीर्षकगीताची. 'ब्रेनवॉश्ड' हे अल्बमचं शेवटचं गाणं म्हणजे नुसती यादी. शाळेतले मास्तर, लष्कर, माध्यमं, शेअर बाजाराचे निर्देशांक, कॉम्प्युटर, मोबाइल, या सगळ्यांनी आपली डोकी धुतली. २००२ मध्ये हे म्हाताऱ्याचं करवादणं वाटलं असेल, आज खरं वाटतं, पण खरं वाटलं म्हणून गाणं चांगलं होत नाही. मध्येच पतंजलीच्या योगसूत्रांवरच्या एका इंग्रजी पुस्तकातला उतारा एका मुलीच्या आवाजात वाचला जातो. बिक्रम घोष यांचा तबला आहे. हात आखडता घेतला असता तर बरं झालं असतं, असं वाटत असतानाच सगळं थांबतं आणि खालच्या पट्टीत दोन पुरुषांचे आवाज सुरू होतात.

नमः पार्वतीपते, हरे हरे महादेव.

बाप आणि मुलगा. दुसरं कुणीच नाही. पाश्चात्त्य लेखकांनी याबद्दल हिंदू मंत्र, गूढ, पारलौकिक वगैरे लिहिलंय. आता आपल्या घरी गणपतीत हे काय असतं? मंत्रपुष्पांजली झालेली असते, पोरांचं लक्ष खिरापतीकडे असतं, आजोबा खणखणीत आवाजात "नमः पार्वतीपते" म्हणतात आणि सगळं घर "हर हर महादेव" करून मोकळं होतं. कीर्तनात बुवा तेच करतात. गूढबिढ काही नाही, आटोपलं, आता प्रसाद घ्या, इतका साधा तो प्रकार. म्हणून मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं तोंड उत्तर द्यायला आपोआप उघडलं होतं, भर लोकलमध्ये. पण ते थांबत नाहीत. आपल्याकडे जी आरोळी असते तिची त्यांनी सावकाश चाल केलीय आणि ती चाल घोळवत बसतात. चोवीसेक वर्षांच्या मुलाला आपल्या बापाच्या आवाजावर इतकी बारीक नजर ठेवून तो अल्बम पुरा करावा लागला, याची जाणीव मला या एका जागी होते, बाकी अल्बमभर तो पोरगा आपलं दुःख कुठे मधे येऊ देत नाही.

निरोपाचं गाणं ऐकायचंच असेल, तर ते या अल्बमवर नाहीच. ऑक्टोबर २००१ च्या सुरुवातीला, जायच्या जेमतेम आठ आठवडे आधी, पियानोवादक जूल्स हॉलंडच्या वाद्यवृंदाबरोबर त्याने एक गाणं गायलं, 'हॉर्स टू द वॉटर', धनीबरोबर लिहिलेलं. आवाज खंगलेला आहे, गिटार धरण्याइतकी ताकद राहिली नव्हती. गाण्याच्या हक्कांचे मालक म्हणून नेहमीच्या कंपनीऐवजी त्याने एक नवंच नाव घातलं: आरआयपी लिमिटेड, २००१. थडग्यावर कोरतात ती तीन अक्षरं आणि साल. त्या कागदांवर काम करणाऱ्या वकिलांची तोंडं तेव्हा कशी झाली असतील, ते बघायला मला फार आवडलं असतं.